रिकाम्या मैदानाचा धनी

१९०२ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात एक मोठी अंत्ययात्रा निघाली होती. गेलेला माणूस शहराचा माजी लॉर्ड मेयर होता, बिअरच्या कारखान्याचा मालक होता आणि एका फुटबॉल क्लबचा सर्वेसर्वा होता. प्रकृतीसाठी तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नीस या गावी जाऊन राहिला होता आणि तिथेच १७ मार्चला, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याने डोळे मिटले. पार्थिव घरी आणले गेले. शवपेटीला खांदा द्यायला त्याच्या लिव्हरपूल क्लबचे खेळाडू आले, यात नवल नव्हते. पण त्यांच्या जोडीने खांदा द्यायला एव्हर्टन क्लबचेही खेळाडू आले होते. दोन्ही क्लबांच्या मैदानांवरचे ध्वज त्या दिवसांत अर्ध्यावर उतरवलेले होते.

नवल होते ते इथे. बरोबर दहा वर्षांपूर्वी, १८९२ च्या मार्चमध्येच, याच एव्हर्टन क्लबने या माणसाशी कडाक्याचे भांडण करून त्याचे मैदान सोडले होते. भाडेकरूने घरमालकाच्या नावाने बोटे मोडत बिऱ्हाड हलवावे आणि दहा वर्षांनी त्याच घरमालकाच्या अंत्ययात्रेत पुढे होऊन खांदा द्यावा, असा हा प्रकार. त्या माणसाचे नाव जॉन हाउल्डिंग. फुटबॉलच्या जगात आज ज्यांची नावे शंभर देशांत घेतली जातात त्यांपैकी एक क्लब त्याने स्थापन केला, आणि तोही स्वप्न वगैरे पाहून नव्हे. त्याचे भाडेकरू निघून गेले आणि मैदान रिकामे पडले, म्हणून!

गवळ्याचा मुलगा

हाउल्डिंगचा जन्म १८३३ चा, लिव्हरपूलचाच. वडील गवळी. टेंटरडेन स्ट्रीटवर त्यांच्या गाई होत्या. आपल्या मुंबईत जसे भरवस्तीत तबेले असत आणि पहाटे दुधाच्या बरण्या घेऊन भय्ये निघत, तसे त्या काळच्या लिव्हरपूलमध्येही घरांच्या मागे गोठे असत आणि गल्लीतल्या लोकांना तिथूनच ताजे दूध मिळे. दुधाचा धंदा म्हणजे ना सुट्टी ना विसावा. घरात उपासमार नव्हती, पण पैसाही नव्हता. मुलाची शाळा अकराव्या-बाराव्या वर्षी सुटली आणि तो निरोप्या पोऱ्या म्हणून कामाला लागला. काही दिवस जकात कचेरीत हरकाम्या, मग पुन्हा वडिलांच्या धंद्यात मदत, असे त्याचे पोरवय गेले.

लिव्हरपूल तेव्हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होते. हाउल्डिंग चौदा वर्षांचा होता त्या सुमारास आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला आणि उपाशी माणसांचे लोंढे बोटींनी या बंदरात उतरले. कोणी पुढे अमेरिकेला गेले, कोणी इथल्याच गल्ल्यांत राहिले. एकीकडे धक्क्यांवर कापसाच्या गाठींचे डोंगर आणि दुसरीकडे तळघरांत दाटीवाटीने राहणारी माणसे, असे ते शहर होते. या शहराचे आपल्या मुंबईशीही जवळचे नाते होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारातला भाव मुंबईच्या व्यापाऱ्यांचे नशीब ठरवू लागला. त्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतूनच आपला राजाबाई टॉवर उभा राहिला. अशा या पैशाच्या भरती-ओहोटीच्या शहरात एका गवळ्याच्या मुलाने डोळे उघडे ठेवून तारुण्य काढले. कापसात पडायला भांडवल लागते, जहाजात पडायला त्याहून जास्त. आपल्यासारख्याला कशात पडता येईल, हे तो पाहत होता.

त्याला उत्तर मिळाले ते बिअरमध्ये. एका ब्रुअरीत तो गाडीवर पिंपे पोहोचवण्याच्या कामाला लागला. तिथून आत शिरला, बिअर कशी तयार होते ते शिकला आणि मुकादमाच्या जागेपर्यंत चढला. धक्क्यावर दिवसभर गाठी उचलणाऱ्या माणसाला संध्याकाळी बिअर लागते आणि ती त्याला आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर हवी असते, हे त्याने पिंपे वाहतानाच पाहिले होते. पैसे साठवून त्याने आधी स्वतःचा पब घेतला, मग एव्हर्टन भागातल्या टाइनमाउथ स्ट्रीटवर स्वतःची ब्रुअरी काढली. माल आपला आणि दुकानही आपले; मधला दलाल गाळला की नफा घरात राहतो, हे साधे गणित. पन्नाशीला येईपर्यंत तो श्रीमंत झाला होता.

एव्हर्टनचा राजा

एव्हर्टन म्हणजे लिव्हरपूलच्या उत्तरेची टेकडी. एके काळचे निराळे गाव. शहर वाढत वाढत तिच्यावर चढले आणि कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. हाउल्डिंगने हा भाग आपलासा केला. तो हुजूर पक्षाकडून नगरपालिकेत निवडून आला. गरिबांसाठीच्या कायद्याखाली जी पालक मंडळे असत, त्यांपैकी वेस्ट डर्बीच्या मंडळाचे अध्यक्षपद त्याने सांभाळले. म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहांचा, दवाखान्यांचा आणि त्यांच्या पैशांचा कारभार त्याच्या हाती आला. फ्रीमेसन मंडळींतही त्याचे वजन होते. लोक त्याला ‘एव्हर्टनचा किंग जॉन’ म्हणू लागले. या नावात कौतुक होते आणि चिमटाही होता. कारण इंग्लंडच्या इतिहासातला किंग जॉन हा हट्टी आणि सरदारांशी भांडून बसलेला राजा म्हणून प्रसिद्ध आहे.

त्याच सुमारास त्या भागात एक नवे वेड पसरू लागले होते. कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळू लागली होती. त्या मोकळ्या दुपारी तरुणांनी गुत्त्यात जाऊन बसू नये म्हणून चर्चेसनी खेळांना उत्तेजन दिले. सेंट डोमिंगो नावाच्या मेथडिस्ट चर्चच्या मुलांनी १८७८ मध्ये फुटबॉलचा संघ काढला. पुढल्याच वर्षी चर्चबाहेरचीही मुले आली आणि संघाचे नाव झाले एव्हर्टन. स्टॅन्ली पार्क या सार्वजनिक बागेत हा संघ खेळे. सामन्याच्या दिवशी मुलांनी गोलचे खांब खांद्यावरून वाहून आणायचे, चार जणांनी रेषा आखायच्या, असा घरगुती मामला. पण बघे वाढू लागले, आणि सार्वजनिक बागेत तिकीट लावता येईना.

मग प्रायरी रोडवर एकाची जागा मिळाली. तो गृहस्थ वर्षभरातच आरडाओरड्याला कंटाळला आणि त्याने मंडळींना दुसरीकडे सोय बघायला सांगितले. अशा वेळी, १८८४ मध्ये, हाउल्डिंग मदतीला धावून आला. तो क्लबचा अध्यक्ष होता. ऑरेल नावाच्या त्याच्या ब्रुअर मित्राची ॲनफिल्ड रोडवर मोकळी जमीन होती. नाममात्र मोबदला द्यायचा आणि स्टॅन्ली हॉस्पिटलला देणगी द्यायची, एवढ्या बोलीवर ती मिळाली. खेळाडू आणि सभासद यांनी स्वतः कुदळ-फावडी हातात घेऊन जमीन सारखी केली, कुंपण घातले, बाके ठोकली. सप्टेंबर १८८४ मध्ये ॲनफिल्डवर पहिला सामना झाला.

खेळाडूंना कपडे बदलायला खोली हवी होती. ती त्यांना जवळच्या सॅन्डन हॉटेलात मिळाली. सॅन्डन अर्थातच हाउल्डिंगचे! सामन्याआधी संघ सॅन्डनमधून बाहेर पडे आणि गर्दीतून चालत मैदानावर जाई. सामना संपला की खेळाडूंच्या मागोमाग गर्दीही सॅन्डनमध्ये शिरे. क्लबच्या सभा तिथेच, हिशेब तिथेच, जल्लोष तिथेच. क्लबला छत मिळाले आणि मालकाला गिऱ्हाईक. या व्यवहारात त्या वेळी कोणालाच काही खटकले नाही.

भाडे वाढत जाते

पुढच्याच वर्षी हाउल्डिंगने ती जमीन ऑरेलकडून विकत घेतली. आता क्लबचा अध्यक्ष हाच क्लबचा जमीनमालक झाला. त्याच वर्षी, १८८५ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने पैसे घेऊन खेळण्याला मान्यता दिली आणि हौशी खेळाचा हां हां म्हणता धंदा झाला. १८८८ मध्ये बारा क्लबांची लीग सुरू झाली, तिच्या संस्थापकांत एव्हर्टन होता. ॲनफिल्डवर दहा-दहा हजार माणसे जमू लागली. लाकडी स्टँड उभे राहिले.

गल्ला वाढला तसे भाडेही वाढले. सुरुवातीला वर्षाला १०० पौंड असलेले भाडे चार-पाच वर्षांत २५० पौंडांच्या घरात गेले. शिवाय मैदानावर खाण्यापिण्याचे जिन्नस विकण्याचा मक्ताही मालकाकडेच. हाउल्डिंगचा हिशेब सरळ होता. जमिनीत माझे भांडवल अडकले आहे, त्यावर मी वाजवी व्याज घेतो आहे. अडचणीच्या काळात क्लबला पैसा पुरवला तोही मीच. सभासदांचाही हिशेब सरळ होता. हे मैदान आमच्या कुदळीने सपाट झाले. गर्दी आमच्या खेळामुळे येते. तिच्यामुळे जमिनीचा भाव वाढला आणि वाढलेल्या भावाचे व्याज मात्र आम्हीच भरायचे! त्यांनी १८० पौंड देऊ केले. त्याने नाकारले.

आपल्याकडे ज्यांनी एखादे गणेशोत्सव मंडळ, नाट्यसंस्था किंवा तालीम जवळून पाहिली आहे त्यांना हे भांडण ओळखीचे वाटेल. वर्गणी गोळा करणारे, सतरंज्या उचलणारे शंभर हात एका बाजूला आणि वेळेला खिशात हात घालणारा एक धनिक दुसऱ्या बाजूला. संस्था लहान असते तोवर दोघेही एकमेकांचे गुण गातात. ती मोठी झाली, तिच्यात पैसा आला की ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. आणि खरी पंचाईत ही, की दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते.

ॲनफिल्डच्या भांडणाला आणखी दोन पदर होते. एक होता दारूचा. क्लब जन्मला मेथडिस्ट चर्चमध्ये, तरुणांना दारूपासून दूर ठेवावे या विचारातून. तो आता एका ब्रुअरच्या पबमध्ये नांदत होता. कार्यकारिणीतल्या जुन्या मंडळींना हे मनातून सलत होते. दुसरा पदर राजकारणाचा. हाउल्डिंग हुजूर पक्षाचा, तर त्याच्या विरोधकांतली बरीच नावे उदारमतवादी पक्षातली. त्यांचा पुढारी जॉर्ज मॅहन. हा पेशाने हिशेब तपासनीस, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. शांत स्वभावाचा, आकड्यांचा पक्का. त्याच्या जोडीला डॉक्टर जेम्स बॅक्स्टर हे त्या भागातले लोकप्रिय वैद्य होते.

१८९१ च्या वसंतात एव्हर्टनने लीगचे विजेतेपद मिळवले. घर भरलेले, कीर्ती शिखरावर. आणि नेमक्या त्याच वर्षी भांड्याला भांडे लागले. शेजारची जमीन अजून ऑरेलकडे होती आणि क्लबचा एक स्टँड तिच्या हद्दीत येत होता. ऑरेलला तिथून रस्ता काढायचा होता. हाउल्डिंगने तोडगा सुचवला. क्लबची मर्यादित कंपनी करावी आणि तिने माझी व ऑरेलची अशा दोन्ही जमिनी विकत घ्याव्यात. कागदावर सूचना वाजवी होती. पण किंमत ठरवणार जमीनमालक आणि ती मान्य करणार क्लबचा अध्यक्ष, आणि हे दोघे एकच, हे सभासदांना पटेना. मॅहनचे म्हणणे असे की कंपनी जरूर करू, पण तिचे भाग अनेकांत वाटलेले असावेत, म्हणजे कोणा एकाच्या हाती क्लब जाणार नाही.

सभांवर सभा झाल्या. १८९२ च्या जानेवारीत एका सभेत मॅहन दुसरे मैदान घेण्याविषयी बोलू लागला, तेव्हा कोणीतरी त्याला हिणवले की असे मैदान तुम्हाला मिळायचे नाही. त्यावर ते आपल्या खिशातच असल्याचे मॅहनने सांगितले, अशी हकीकत एव्हर्टनची मंडळी आजही रंगवून सांगतात. स्टॅन्ली पार्कच्या पलीकडच्या अंगाला, मैलभराच्या आतच, एक ओसाड जागा त्याने खरोखरच हेरून ठेवली होती.

हाउल्डिंगही गप्प बसला नव्हता. एव्हर्टनच्याच नावाशी मिळतीजुळती एक कंपनी त्याने परस्पर नोंदवून टाकली होती. सभासद गेले तर खुशाल जावोत, नाव आपल्याकडे राहील, असा त्याचा डाव. त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत हलकी चाल म्हणावी लागेल. जमीन त्याची होती, पण नाव त्याचे नव्हते. ते सेंट डोमिंगोच्या पोरांनी रस्त्यातून खांब वाहून कमावलेले होते. फुटबॉलच्या अधिकाऱ्यांनीही तेच ठरवले. बहुसंख्य सभासद जिकडे, नाव तिकडे. मार्चमध्ये एव्हर्टनने हाउल्डिंगला अध्यक्षपदावरून दूर केले आणि बाग ओलांडून आपला संसार पलीकडे नेला. डॉक्टर बॅक्स्टर यांनी बिनव्याजी हजार पौंड दिले. ओसाड जागेवर गुडिसन पार्क उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये थाटात त्याचे उद्घाटनही झाले.

स्टँड आहेत, संघ नाही

आता हाउल्डिंगपाशी उरले होते ते रिकामे मैदान. स्टँड होते, कुंपण होते, फाटके होती. खेळणारे कोणी नव्हते.

इथे क्षणभर थांबून त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. वय अठ्ठावन्न. पैशाला तोटा नाही. सभोवार घरांच्या रांगा चढत चाललेल्या, त्यामुळे जमिनीला मागणी भरपूर. मैदानाचे तुकडे पाडून घरांसाठी विकले असते तर पैसा मोकळा झाला असता आणि डोकेदुखी कायमची संपली असती. निव्वळ व्यापारी माणसाने तेच केले असते. विरोधक त्याला निव्वळ व्यापारीच समजत होते.

त्याने तसे केले नाही. १५ मार्च १८९२ रोजी आपल्या घरी मोजक्या साथीदारांना जमवून त्याने नवा क्लब काढायचे ठरवले. एव्हर्टन हे नाव तर गेले होते. विल्यम बार्क्ली या साथीदाराने सुचवले की सबंध शहराचेच नाव घ्यावे. असा जन्मला लिव्हरपूल फुटबॉल क्लब.

यामागे काय होते? मैदान वाया जाऊ नये हा हिशेब होता. आपल्याला हाकलणाऱ्यांना धडा शिकवावा ही ईर्ष्या होती. सॅन्डनचे गिऱ्हाईक टिकावे हाही विचार असणार. पण एवढ्यासाठी कोणी साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करत नाही. आठ वर्षे दर शनिवारी त्या गर्दीत उभे राहून त्या गवळ्याच्या मुलालाही खेळाची चटक लागली होती, एवढाच अर्थ यातून निघतो.

त्याचा उजवा हात होता जॉन मॅकेना. हा आयर्लंडहून पोरवयात पोटासाठी आलेला. किराणा दुकानात पोऱ्या म्हणून राबला, पुढे वेस्ट डर्बीमध्ये लसीकरण अधिकारी झाला आणि तिथेच त्याची हाउल्डिंगशी ओळख झाली. दोघेही खालून वर आलेले, एकमेकांची भाषा समजणारे. हाउल्डिंगने पैसा दिला आणि मॅकेना खेळाडू शोधायला स्कॉटलंडला गेला. तिथून त्याने एवढे खेळाडू आणले की संघात इंग्लिश माणूस शोधावा लागे. मॅक्‌ने सुरू होणाऱ्या आडनावांची ही गर्दी पाहून लोक त्याला मॅक मंडळींचा संघ म्हणत. गंमत म्हणजे आज लाल रंगासाठी ओळखला जाणारा हा क्लब तेव्हा निळ्या-पांढऱ्या शर्टांत खेळे. लाल रंग आला १८९६ मध्ये.

१ सप्टेंबर १८९२ ला रॉदरहॅम टाउनविरुद्ध पहिला सामना झाला. चेंडूला पहिली लाथ हाउल्डिंगने स्वतः मारली. लिव्हरपूलने ७-१ असा विजय मिळवला. पण बघ्यांची गर्दी बागेपलीकडे, गुडिसनला होती. इकडच्या स्टँडमध्ये थोडीच डोकी दिसत. एके काळी दहा हजारांनी दणाणणाऱ्या त्या मैदानावर आपल्याच खेळाडूंचे आवाज ऐकू येत बसणे त्या माणसाला कसे वाटले असेल, याची कल्पना करावी.

पहिल्याच वर्षी संघाने लँकेशायर लीग जिंकली. तेव्हा मॅकेनाने कोणाला न विचारता मोठ्या लीगकडे प्रवेशासाठी तार ठोकून दिली आणि खाली सही केली सेक्रेटरी बार्क्लीची! बिचाऱ्या बार्क्लीला उत्तर आले तेव्हा कळले की आपण अर्ज केला आहे. प्रवेश मिळाला. १८९३-९४ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतले २८ सामने लिव्हरपूल खेळला. २२ जिंकले, ६ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या चाचणी सामन्यात त्याने न्यूटन हीथ या संघाला २-० असे हरवले. हाच न्यूटन हीथ पुढे मँचेस्टर युनायटेड झाला.

१३ ऑक्टोबर १८९४ ला गुडिसन पार्कवर दोन्ही भाऊबंद लीगमध्ये प्रथमच समोरासमोर आले. ४४ हजार माणसे लोटली. एव्हर्टनने ३-० असा विजय मिळवला. हाउल्डिंगच्या संघाला त्या हंगामाअखेर पुन्हा खालच्या श्रेणीत जावे लागले. पण आता त्याने ना संघ मोडला, ना खर्च आखडला. पुढच्याच वर्षी संघ वर आला आणि १८९६ मध्ये संडरलँडला विजेतेपदे मिळवून देणारा टॉम वॉटसन याला ॲनफिल्डवर आणले गेले.

मानाचे पान

१८९७ मध्ये हाउल्डिंग लिव्हरपूलचा लॉर्ड मेयर झाला. ज्या शहराच्या गल्लीत त्याच्या बापाने दूध घातले त्या शहराच्या पहिल्या नागरिकाची साखळी त्याच्या गळ्यात पडली. राजकारणात, धंद्यात मिळवायचे ते मिळाले. मैदानावरचे तेवढे राहिले होते.

तेही १९०१ मध्ये मिळाले. २९ एप्रिलला वेस्ट ब्रॉमविच येथे शेवटच्या सामन्यात लिव्हरपूल १-० असा जिंकला आणि लीगचे विजेतेपद प्रथमच त्याच्याकडे आले. ॲलेक्स रेझबेक कप्तान होता. रिकाम्या मैदानातून उठून नऊ हंगामांत हा संघ देशात पहिला आला होता. हाउल्डिंगला हा आनंद पुरते एक वर्षही लाभला नाही. पुढच्या मार्चमध्ये, नवा क्लब काढल्याला दहा वर्षे आणि दोन दिवस झाले असताना, तो गेला.

त्याच्यावर लोभीपणाचा आरोप आयुष्यभर राहिला आणि तो सगळाच खोटा म्हणता येणार नाही. तो भाड्याला पक्का होता. नाव बळकावण्याचा त्याचा प्रयत्न तर उघडच गैर होता. पण एव्हर्टनच्या लोकांनाही दहा वर्षांत एक गोष्ट उमगली असावी. प्रायरी रोडवरून हाकलले गेले तेव्हा याच माणसाने त्यांना जागा दिली होती. आणि त्याच्याशी भांडले नसते तर स्वतःच्या मालकीचे मैदान मिळवण्याची जिद्द त्यांच्यात जागी झाली नसती. ती जागा त्यांनी १८९५ मध्ये विकतही घेतली. खांदा देण्यात हा हिशेबही मिटवलेला असावा. मेल्यावर वैर संपते, असे आपण म्हणतो. लिव्हरपूलमध्ये ते संपले नाही, पण त्याला मैदानाची चौकट मिळाली. तिथे एकाच घरात बाप लाल आणि मुलगा निळा असे असते आणि सामन्याला दोघे शेजारी बसून जातात.

हाउल्डिंगनंतर १९०६ मध्ये ॲनफिल्डच्या एका टोकाला मातीचा उंच चढ घालून प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधल्या गेल्या. बोअर युद्धात ज्या टेकडीवर लिव्हरपूलकडचे अनेक सैनिक पडले त्या स्पिऑन कॉपचे नाव त्यांना मिळाले. जानेवारी १९०० मधल्या त्याच लढाईत जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. ‘कॉप’ हा शब्द आता जगभरचे फुटबॉलप्रेमी घेतात. १८९२ मध्ये तुकडे पाडून जमीन विकली गेली असती तर तिथे आज घरांची एक रांग असती.

बागेपलीकडचे गुडिसन एव्हर्टनच्या पुरुष संघाने १३३ वर्षांनी, २०२५ मध्ये, सोडले आणि बंदराच्या जुन्या गोदीवरच्या नव्या मैदानात तो गेला. लिव्हरपूल मात्र अजून ॲनफिल्डवरच आहे, आणि २०२५ मध्ये त्याने विसावे लीग विजेतेपदही मिळवले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की दोन्ही क्लबांनी आपापले पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा दोघांचेही घरचे मैदान ॲनफिल्डच होते आणि त्याचा धनीही एकच होता.

मैदानाजवळ हाउल्डिंगच्या नावाचा एक लहानसा रस्ता आहे आणि त्या बाजूलाच सॅन्डन अजून उभे आहे. सामन्याच्या दिवशी तिथे लाल शर्ट घातलेल्या माणसांची रीघ लागते. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण याच सॅन्डनमध्ये कपडे बदलून पहिल्यांदा जे खेळाडू ॲनफिल्डकडे चालत गेले, ते एव्हर्टनचे होते.